टोकावरचा हात

"नाव, वय, आणि घरी कळवायची वेळ आली तर कुणाचा नंबर," मी चौकीच्या खिडकीतून विचारलं.

"कळवायची वेळ म्हणजे?" टोपीवाल्या बाई दचकल्या.

"पडलात तर."

"अहो ताई, घाबरू नका!" मागून आवाज आलाच. "आमचे दादा प्रत्येकाला असंच म्हणतात. मग माणूस वर जाईपर्यंत गुमान पायाखाली बघून चालतो. युक्ती आहे ती."

अख्खी रांग हसली. बाईही हसल्या आणि नंबर लिहून मोकळ्या झाल्या. मी कसलीही युक्ती केली नव्हती. चोवीस वर्षं मी लोकांना त्या डोंगरावर नेलंय, कुठं कुठं माणूस पडतो ते मला ठाऊक आहे, म्हणून विचारलं. पण शब्द माझा आणि हशा ह्याचा, हे आता रोजचंच झालं होतं.

हा म्हणजे माझा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्यानं ओठांचा चंबू करून शिट्टी घातली, आणि पलीकडच्या बांबूच्या बेटातून कुठल्याशा पाखरानं तश्शीच शिट्टी परत दिली. झालं! सगळ्यांचे आ वासलेले. चढाला अजून सुरुवातसुद्धा नाही आणि निम्मी माणसं ह्याच्या खिशात.

"चला मंडळी! मिठाची पुरचुंडी घेतली ना? जळू चिकटली तर किंचाळायचं नाही, तिचीपण न्याहारीची वेळ असते." पुन्हा हशा. मग जाता जाता खिडकीशी वाकून मला, "दादा, दुपारी वर बघा हं."

मी नोंदवहीत डोकं घातलं. पाऊस उघडल्यापासून, म्हणजे सहा महिने, हे त्याचं चालू होतं. दुपारी वर बघा. काय बघू? भर दुपारी हा माणसं घेऊन टोकावर पोचायचा आणि तिथं त्यांना कड्याच्या कठड्याशी ओळीनं उभं करून हातरुमाल हलवायला लावायचा. खालून ती माणसं तांदळाएवढी दिसतात, पण रुमाल दिसतात. मी चोवीस वर्षांत असला तमाशा कधी केला नाही. दरी बघायची असते, तिला टाटा करायचं नसतं.

खरं सांगायचं तर ह्याला डोंगरावर आणला मीच. त्याचा खोक्यांचा कारखाना बंद पडला आणि दोन महिने तो घरात बसून होता, तेव्हा बायको म्हणाली, "न्या की हो त्याला बरोबर, लोकांची ओझी तरी उचलेल." नेला. धुकं कुठल्या घळीतून आधी वर येतं, कुठला खडक पावसाआधी ओला दिसतो, शेवाळावर टाच टेकायची नाही, हे सगळं मी त्याच्या डोक्यात घातलं. शिट्टी मात्र त्याची स्वतःची. ती मला कधीच जमली नाही. मग माझ्या उजव्या गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, चढ बंद, आणि उतार त्याहून बंद. डोंगराचा कारभार बघणाऱ्या शहरातल्या कार्यालयानं मला पायथ्याची ही निळ्या पत्र्याची चौकी दिली, आणि वाट ह्याला दिली.

वाट म्हणजे नुसती वाट नाही. टोकाच्या खालचा पट्टा एका पावसाळ्यात सगळा दरीत गेला होता. वर्षभर टोक बंद. कार्यालयाचे लोक येऊन फोटो काढून गेले. मी दोन उन्हाळे पहार आणि छिन्नी घेऊन त्र्याण्णव पायऱ्या खोदल्या, एकट्यानं. कुणी सांगितलं नव्हतं. तिथं पाटी नाही, नाव नाही, आणि मला ते कधी टोचलंही नव्हतं. हा वर जायला लागला आणि टोचायला लागलं.

मी वर नेत असताना दिवसभरात दोन वाक्यं बोलायचो. "माझ्या पावलावर पाऊल ठेवा" आणि "पोचलो." लोक मान खाली घालून माझ्यामागून यायचे, पलीकडच्या रानातून तळ्यावर उतरायचे, बसमध्ये बसायचे आणि निघून जायचे. माझं नावही कुणी विचारलं नाही. आणि ह्याच्या वेळेस कार्यालयाला अवदसा आठवली: तळ्याच्या फाटकावर अभिप्राय वही ठेवली!

ती वही महिनाअखेरीस बसच्या वाहकाबरोबर माझ्याकडे यायची. माझं अक्षर चांगलं, म्हणून साहेबांचा हुकूम असा की मी त्यातले निवडक अभिप्राय स्वच्छ उतरवून शहरातल्या कार्यालयात पाठवायचे. मूळ वही माझ्याच कपाटात राहायची. कार्यालय बघायचं ते माझा कागद.

पहिल्या महिन्याची वही उघडली. पहिला अभिप्राय: "शिट्टीवाले काकांमुळे सहल सोन्याची झाली." दुसरा: "शिट्टीवाले काका म्हणजे चालतंबोलतं जंगल." तिसरा, चौथा, तेच. चौथ्यात तर कविता केली होती कुणीतरी. चोवीस वर्षं मी लोकांना मरणाच्या दारातून हाताला धरून नेलं-आणलं, आणि मला कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. वही नव्हती, हे मला कळत होतं. पण कळून काय उपयोग? मी पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं आणि पाचवा अभिप्राय उतरवला: "तळ्याजवळचा नळ गळतो."

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. ओळीत शिट्टी हा शब्द दिसला की बोट पुढच्या अभिप्रायावर. पुढचं वाचायचंदेखील नाही. नळ, माकडं, स्वच्छतागृहाची कडी, बसची वेळ, हे सगळं मी वळणदार अक्षरात सहा महिने कार्यालयाला पाठवलं. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगायचो.

बायकोच्या नजरेतून काही सुटत नाही. एकदा जेवताना म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे या म्हणाला धाकटीचा नवरा. तुम्हाला विचारलं तर म्हणे, नोंदवही भरायचीय. मंगळवारी डोंगर बंद असतो, कुणाची नोंद करता? वानरांची?"

"काम असतं मला."

"काम नाही, पोटात दुखतंय तुमच्या."

"माझ्या? त्या बडबड्यावरून? ह्या!"

"मग भाजी का ढकलताय पुढं? चांगली झालीय."

मी भाजी खाल्ली. पोटात दुखतच होतं, पण ते बायकोला कशाला सांगायचं.

त्यातच एक माणूस आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन चौकीवर आला. आई वर चढणार नव्हती, पहिल्या वळणापर्यंतच जाणार होती. तो म्हणाला, "मागच्या महिन्यात आलो होतो. शिट्टीवाले काका पायऱ्यांची गोष्ट सांगतात ना, ती आईला ऐकवायचीय. काय माणूस आहे हो! दोन उन्हाळे एकट्यानं..."

"ते वर गेलेत," मी मध्येच तोडलं. "संध्याकाळच्या बसनं येतील."

तो गेला आणि मी नोंदवही खाडकन मिटली. म्हणजे हा माझ्या पायऱ्यासुद्धा स्वतःच्या नावावर खपवतो! दोन उन्हाळे एकट्यानं! त्या वेळी हा खोक्यांना खिळे ठोकत होता. माझ्या हाताला आलेले घट्टे अजून गेले नाहीत आणि हा शिट्ट्या मारत माझा घाम विकतोय. त्या महिन्यात मी शिट्टीचे सगळे अभिप्राय तर सोडलेच, पण "वाट उत्तम आहे" असं नुसतं लिहिलेलं होतं तेही सोडलं.

आणि मग लिफाफा आला.

कार्यालयाची सगळी पत्रं चौकीवरच येतात. लिफाफा चिकटवलेला नव्हता, वाचलं. सहा महिन्यांच्या अभिप्रायांत सदर मार्गदर्शकाविषयी एकही अनुकूल उल्लेख आढळला नाही, सबब त्यांस एक तारखेपासून तळ्याकाठच्या वाहनतळावर नेमण्यात येत आहे, टोकाच्या वाटेवर शहरातून नवा प्रशिक्षित मार्गदर्शक येईल.

खोटं कशाला बोलू? मला आतून गुदगुल्या झाल्या. मी पत्र दोनदा वाचलं, चहा मागवला आणि बिस्किट बुडवून खाल्लं. वाहनतळ! तिथं गाड्यांना शिट्टी मारत बस म्हणावं, मागे घ्या, मागे घ्या.

संध्याकाळी तो बसमधून उतरला तेव्हा मी पत्र त्याच्या हातात दिलं. त्याला वाचायला वेळ लागला. मग त्यानं घडी घालून ते खिशात ठेवलं.

"एकही नाही?" तो म्हणाला. "लोक लिहितात, मला दिसतात की लिहिताना. बरं काही नाही लिहीत का?"

"मला काय विचारतोस? येतं तसं पाठवतो मी."

"तसं नव्हे हो दादा. तुमच्यावर कुठं... माझंच काहीतरी चुकत असेल." त्यानं खांद्यावरची पिशवी सारखी केली. "वाहनतळावर चढ तरी नाही. हिला बरं वाटेल, सारखी काळजी करायची." आणि निघाला. नेहमी रस्त्याच्या वळणापर्यंत शिट्टी घालत जायचा, त्या दिवशी नाही घातली. मला वाटलं होतं तेवढा आनंद काही झाला नाही. पण झाला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. डोंगर बंद. बदलीचं कळल्यावर बायको सकाळीच बहिणीकडे गेली. मी चौकीत येऊन गेल्या महिन्याची वही काढली. मनात आलं, आता तर हा चाललाच. आता वाचायला काय हरकत आहे? बघू तरी काय दिवे लावलेत ते. सवडीनं, पाय लांब करून, शत्रूची पत्रं वाचावी तशी मी पहिल्यांदा शिट्टीवाल्याचे अभिप्राय शेवटपर्यंत वाचायला घेतले.

"शिट्टीवाले काकांनी त्र्याण्णव पायऱ्या मोजत मोजत चढायला लावल्या. प्रत्येक दहा पायऱ्यांना थांबून सांगायचे, ही ज्यांनी खोदली ते आमचे दादा. खाली चौकीत ज्यांनी तुमची नावं लिहिली तेच."

मी पाय खाली घेतले.

"शिट्टीवाले म्हणाले, मी काय, नुसता वाजतो. डोंगर कळतो तो दादांना. आम्हाला खाली नोंद करताना कळलंच नाही हो, नाहीतर पाया पडलो असतो."

पुढचा एका शाळेच्या बाईंचा होता. "टोकावर पोचल्यावर शिट्टीवाल्या काकांनी तो खालचा निळा पत्रा दाखवला आणि सगळ्यांना रुमाल काढायला लावले. म्हणाले, दादांचा गुडघा गेलाय, त्यांना आता वर येता येत नाही. त्यांच्यामुळे आपण इथं उभे आहोत, तर त्यांना हात करू. आम्ही खूप हात केले. खालून कुणी हात केला नाही. फार लांब आहे, दिसत नसेल."

मी वही मिटली. मग कपाटातल्या मागच्या सगळ्या वह्या काढल्या आणि जमिनीवर बसलो, गुडघा दुखत होता तरी. सहा महिन्यांत एकशे अठरा अभिप्राय मी बोटानं ओलांडले होते. त्यांतल्या ऐंशीहून जास्त अभिप्रायांत मी होतो. "चौकीतले दादा." "पायऱ्यावाले दादा." कुणीतरी माझं चित्र काढलं होतं, मोठं डोकं आणि छोटी खिडकी. पहिल्या महिन्याचे चार वाचून मी थांबलो होतो ना, पाचव्याला "नळ गळतो" होतं, आणि सहाव्यात माझं नाव होतं. खरं नाव, अख्खं, आडनावासकट. ह्यानं ते सांगितलं असणार. सहा महिने मला वाटत होतं की माझ्याविषयी कुणीतरी दोन ओळी लिहाव्यात. त्या माझ्याच कपाटात होत्या, आणि कुलूपही मीच लावलं होतं.

माणसानं स्वतःच्या श्रीमुखात भडकवायची ठरवली तर ती नीट बसत नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं.

वह्या घरी आणल्या. बायको परत आली तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत होतो.

"आता काय उतरवताय? नळ?"

"सगळं," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. पहिल्यापासून. ती ओट्याला टेकून ऐकत राहिली. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करील. तिनं चित्राचं पान बघितलं, मग माझ्याकडे.

"डोकं बरोबर काढलंय," ती म्हणाली. "मोठं आणि पोकळ." मग माझ्यासमोर बसून ती एकेक अभिप्राय वाचून दाखवायला लागली आणि मी लिहायला लागलो. माझं नाव आलं की तिचा आवाज जरा चढायचा. मला ते ऐकवेना, पण मी थांब म्हणालो नाही.

बुधवारी रजा टाकून शहरात गेलो. कार्यालय तिसऱ्या मजल्यावर. गुडघ्याला विचारत विचारत चढलो. साहेबांनी कागद चाळले.

"हे आधी का नाही पाठवलं?"

"मला बघवत नव्हतं, साहेब."

"काय बघवत नव्हतं?"

"त्याचं कौतुक."

साहेबांनी चष्मा काढला. असं उत्तर त्यांना कार्यालयात कधी मिळालं नसावं. "अहो, पण नव्या माणसाचा आदेश निघालाय. तो एक तारखेला रुजू होतोय. मी हे वर पाठवतो, पण ह्या वर्षी काही होणं कठीण. आणि तुमच्याविषयीही मला लिहावं लागेल, कळतंय ना?"

"लिहा," मी म्हणालो. "जे आहे ते लिहा. मी लिहिलं नाही म्हणूनच हे झालं."

उतरताना गुडघ्यानं सगळा सूड घेतला.

महिन्याचा शेवटचा दिवस. त्याचा टोकावरचा शेवटचा दिवस. तो नेहमीसारखा लवकर आला, त्याची माणसं यायची होती. मी चौकीबाहेर दुसरी खुर्ची मांडली आणि चहाचा पेला त्याच्या हातात दिला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच.

"लोक लिहीत होते," मी म्हणालो. "खूप लिहीत होते. मी पाठवलं नाही. शिट्टी हा शब्द दिसला की सोडून द्यायचो."

त्यानं पेला ओठांपासून खाली घेतला. "सगळेच सोडलेत?"

"सगळे."

"आणि वाचले?"

"परवा वाचले. तू मला वर बघा म्हणायचास ते... मला वाटलं, मला खिजवतोयस."

त्याच्या हातातला पेला तसाच राहिला. रस्त्याच्या वळणावर माणसांचे आवाज यायला लागले. "मी लोकांना सांगायचो," तो हळू म्हणाला, "दादांना दिसत नसेल इतक्या लांबून. पण मला माहीत होतं, तुम्हाला दिसतं. तुम्हाला त्या टोकावरचा कावळा दिसतो. रोज वाटायचं, आज करतील." त्यानं अर्धा चहा तसाच खुर्चीवर ठेवला. "घरी काय सांगू हिला? तुझ्या भावजींनीच..." ते वाक्य त्यानं पुरं केलं नाही.

"मी सांगतो तिला."

"नको. तुम्ही नको."

माणसं आली. मी नावं लिहून घेतली. घरी कळवायची वेळ आली तर, एवढं विचारलं, पुढचं काही कुणी बोललं नाही, कुणी हसलं नाही. मीठ घेतलं का, एवढंच त्यानं विचारलं आणि वाटेला लागला. मला काही म्हणाला नाही. वर बघा, असंही नाही.

त्या सकाळी मी एकही काम धड केलं नाही. एका माणसाचं वय नावाच्या रकान्यात लिहिलं. सूर्य डोक्यावर यायला लागला तसा मी चौकीबाहेर येऊन मोकळ्यात उभा राहिलो. धुकं नव्हतं. टोक स्वच्छ दिसत होतं. बऱ्याच वेळानं कठड्याशी एक ठिपका आला, मग दुसरा, मग ओळ झाली. मोजली. बारा आणि हा, तेरा.

कुणी रुमाल काढला नाही. ती माणसं दरी बघत होती, जशी माझ्या वेळची बघायची.

मी खांद्यावरचा पंचा काढला आणि हात वर केला. सहा महिने द्यायचा राहिला होता तो हात. हलवायला लागलो. उन्हात डोळ्यांतून पाणी यायला लागलं, खांदा भरून आला, तरी हलवत राहिलो. गाडीतून उतरलेले एक गृहस्थ खिडकीशी आत डोकावून, कुणी नाही असं बघून, माझ्याजवळ आले.

"नोंद इथंच करायची ना?"

"थांबा जरा."

वर ओळीच्या टोकाला एक ठिपका बाकीच्यांपासून बाजूला झाला. त्यानं हात वर केला. एकदाच. रुमाल नव्हता, नुसता हात. आणि खाली घेतला.

"कुणी ओळखीचं आहे का वर?" गृहस्थांनी विचारलं.

"आमचे साडू आहेत," मी म्हणालो. हात मात्र मी खाली घेतला नाही, ओळ कड्याआड जाईपर्यंत.